पुसट पायांची हरणं

कापडे, वरची वाडी
चंपाषष्ठी, डिसेंबर १९५८

चिरंजीव येसाजी यास आजीचा आशीर्वाद.

इकडे माणसं बरी आहेत, गुरं माणसांहून बरी आहेत, आणि मी त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण ते तू चार पानं भरून लिहिलंस.

तुझं पत्र महिपती टपालवाल्याने मंगळवारी आणून दिलं. चढ चढून आला म्हणून त्याला गूळपाणी दिलं, तर तो पत्र ऐकायलाच बसला. त्याला वाटेला लावला. मग तुझ्या बायकोने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर तिचा आवाज बसला. मी म्हटलं, "घसा धरला काय गो रखमा?" तर म्हणते, "धुरानं, आजी." चूल केव्हाची विझलेली होती.

हे पत्रही तीच लिहिते आहे. नवऱ्याला लिहायचं ते आजेसासूच्या तोंडून, म्हणून मान खाली घालून बसली आहे. मी सांगते तसं लिहिते, फक्त माझ्या 'नाय'चं 'नाही' करते. चार यत्ता शिकल्याचा तोरा, दुसरं काय. लिहून झालं की मी सगळं वाचून घेते. पण वाचताना तिने एखादी ओळ गाळली तर मला कोण सांगणार? तेव्हा मध्येच काही गोड सापडलं तर ते माझं नव्हे, एवढं ध्यानात ठेव.

आता तुझं म्हणणं. तू लिहितोस की गिरणीच्या घडी खात्यात सकाळपासून भोंगा होईपर्यंत एकच काम, ताग्याची घडी घालून टोकाला शिक्का मारायचा. शाईत बुडवायचा, मारायचा, तागा पुढे ढकलायचा. "मी उद्या मेलो तर परवा दुसरा मारील, कापडाला कळायचंही नाही," असं तू लिहिलंस. आणि शिमग्याला येशील तो परत न जायला येशील.

बरं.

तू लहानपणी नाचणीच्या खाचरात असाच बसायचास. "मी एक रोप लावलं नाही तर काय होतं?" म्हणून. काही झालं नाही. त्या एका जागी गवत आलं, ते म्हशीने खाल्लं. ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. शेत आहे तिथेच आहे, बायको आहे ती इथेच आहे, आणि आता तिचा टाक थांबला आहे.

वाडीची खबर अशी. भात बरं झालं. शेजारच्या प्रयागच्या पोराने, भागोजीने, घर शाकारलं आणि वरून खाली पडला, पण पेंढ्याच्या ढिगात पडल्यामुळे नुसती अब्रू दुखावली. प्रयाग रोज सकाळी बियाण्याची टोपली घेऊन आपल्या ओट्यावर येते, माझ्यासमोर ठेवते, तासभर बसते आणि टोपली तशीच घेऊन परत जाते. आपल्यासकट चौदा घरांची बियाणी अशीच टोपल्यांत पडली आहेत.

म्हणजे बियाणं ठेवायच्या पेंढ्याच्या मुड्या मी अजून बांधल्या नाहीत. थंडी आहे. बोटं वळत नाहीत.

इथे रखमा थांबली आणि माझ्याकडे बघते आहे. लिही गो, थंडी आहे म्हणून.

दसऱ्याला प्रयागने पोलादपूरहून मांजरपाट आणला होता, त्यावरून तुला एक विचारायचं होतं. ते राहू दे. तब्येत सांभाळ. खोलीवरच्या माणसांना नमस्कार सांग.

तुझी आजी,
गोदूबाई, जिची बोटं थंडीने वळत नाहीत


कापडे, वरची वाडी
किंक्रांत, जानेवारी १९५९

चिरंजीव येसूस आशीर्वाद आणि तीळगूळ. तीळगूळ पत्रात घालता येत नाही, रखमाने तुझ्या वाटणीचा खाल्ला.

मागच्या पत्रात थंडीचं लिहिलं ते खोटं होतं. त्याच्या आधी पावसाळ्यात, "रोप छान आलं, हिरवंगार आहे" असं लिहवलं होतं, तेही खोटं होतं. रखमाने दोन्ही वेळा मुकाट्याने लिहिलं. ती पापात अर्धी भागीदार आहे.

तू मुंबईत तीन वर्षं आहेस, विसरला असशील, म्हणून मुळापासून सांगते. पेंढा गोल पसरायचा, मधोमध बियाणं ओतायचं, पेंढ्याची टोकं वर घेऊन वरून पेंढ्याचीच दोरी आवळत जायचं, मोगरीने ठोकत ठोकत, की शेवटी मुडी दगडासारखी टणक होते. मग ती चुलीवर धुरात टांगायची. पुढच्या पेरणीपर्यंत उंदीर नाही, कीड नाही. पण बांधायच्या आधी दाणा कोरडा आहे का ते बघावं लागतं. ते हाताला कळत नाही, डोळ्याला कळत नाही. दाढेखाली धरायचा. कट्कन फुटला तर कोरडा. चेचला गेला तर अजून दोन उन्हं पाहिजेत. तुझ्या आजोबांच्या आईने मला हे शिकवलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यानंतर चाळीस वर्षं या वाडीचं बी माझ्या दाढेखालून गेलं आहे. कुणी तपासलं नाही, कुणी विचारलं नाही.

गेल्याच्या आदल्या दसऱ्याच्या आधी, म्हणजे सव्वा वर्षापूर्वी, ती दाढ पडली. आदल्या वर्षी दुसऱ्या बाजूची गेली होती. मी ती उचलली, पन्हळीखाली पुरली आणि कुणाला सांगितलं नाही. भाकरी आमटीत भिजवून खायला लागले, सांगितलं की अशीच आवडते. आणि त्या साली मुड्या बांधल्या त्या हिरडीने दाणा दाबून, अंदाजाने. दुसऱ्या कुणाला "जरा चावून बघ गो" म्हणायला माझी जीभ वळली नाही. गोदूबाईला बी चावायला दुसऱ्याची दाढ लागते, हे वाडीला कळू द्यायचं नव्हतं.

गेल्या पेरणीला तीन घरांच्या मुड्या उघडल्या तर आतून वाफ आल्यासारखा वास. पेरलं, आणि वाफ्यात टक्कल पडल्यासारखं रोप आलं. प्रयागचं, तिच्या दिराचं आणि आपलं. खालच्या वाडीतून उरलेलं रोप मागून आणून लावणी केली. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. गप्प बसले, त्यानेच मी मेले.

म्हणून यंदा मी हात बांधून बसले होते. येसू, तुझं पत्र ऐकत होते तेव्हा मला वाटलं, हा मेला माझंच लिहितो आहे. काम नसलं की माणूस आराम करतो असं म्हणतात. मी केला. भाकरी गोड लागेना. सकाळी उठून कुठे जायचं ते कळेना, म्हणून ओट्यावरून ओट्यावर जायची. आणि मी नसले म्हणून काय, दुसरं कुणीतरी बांधील असं मलाही वाटलं होतं. तर प्रयागने एकदा घरी स्वतःच मुडी बांधून बघितली. चुलीवरच्या आडव्या बांबूपर्यंत नेताना ती सुटली, आणि तिच्या कोंबड्यांची दिवाळी झाली.

मागचं पत्र टपालात पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयाग टोपली घेऊन आली. बसली. मीही बसले. रखमा सारवत होती ती उठली, हात पुसले, टोपलीतला एक दाणा घेतला आणि दाढेखाली धरला.

"आजी, ह्यो वाजत नाय. अजून दोन उन्हं लागतील," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला कुणी इचारलं गो?"

"कोणी नाय. पण तुमी थंडी म्हनून लिव्हायला सांगितलंत तेव्हाच मला कळलं. तुमी भाकरी भिजवता ना, मीच वाढते की."

प्रयाग माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "वैनी, आ करा बघू."

मी आ केला. काय करणार? तिने आत डोकावून बघितलं, जशी काय म्हैस घ्यायला आली आहे. आणि म्हणते कशी, "आन् आमी समजलो आमच्याच घराला कसली नजर लागली. दिराला घेऊन देवरुषाकडं दोनदा जाऊन आलो मी. दोन कोंबडे गेले, वैनी, तुमच्या एका दाढेपायी."

मी हसले तेव्हा तीही हसली. रखमा हसली नाही, ती दुसरा दाणा चावत होती.

तीन उन्हं दिली. मग चौदा घरांच्या मुड्या आठ दिवसांत बांधल्या. दाढ रखमाची, गाठ माझी. ती दाणा चावून मान हलवते आणि मगच मी पेंढ्याला हात लावते. पहिल्या दिवशी मला याची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी कमी, आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी गाणं म्हणते आहे. माझं गाणं तुला माहीत आहे. कुत्रं उठून गेलं.

आता मांजरपाटाचं.

तू पहिल्या वर्षी घरी आलास तेव्हा धोतराच्या टोकाचा शिक्का दाखवला होतास. समोरासमोर तोंड केलेली दोन हरणं. "हा मी मारलेला," म्हणालास. मी ते वाडीभर सांगितलं. तेव्हापासून आपल्या बायका पोलादपूरच्या बाजारात कापड घ्यायला जातात तेव्हा दुकानदाराला पहिल्यांदा म्हणतात, "हरणं दाखव." बाजाराला जाणाऱ्या आम्हा बायकांना अक्षर येत नाही, येसू. गिरणीचं नाव काय आणि ताग्यावर काय छापलं आहे ते दुकानदार सांगेल ते खरं. एकदा त्याने दुसरंच कापड गळ्यात मारलं होतं, दोन धुण्यांत त्याची चाळण झाली. पण हरणं आम्हाला वाचता येतात. हरणं असली की कापड टिकतं, हे आम्ही वापरून बघितलं आहे. तो दुकानदार डोकं खाजवतो की या वाडीच्या बायका ताग्याचं टोकच का मागतात. कारण शिक्का टोकाला असतो, आणि तो तुझा असतो.

आणि मग तो कुणी आत दुमडून शिवायला तयार नाही. सगळ्यांना वर दिसायला हवा. प्रयागच्या चोळीच्या पाठीवर हरणं आहेत. भागोजीच्या चड्डीवर ती नेमकी बसायच्या जागी आली आहेत. तो पुढे चालला की हरणं एकमेकांना टकरा देतात.

तर दसऱ्याला प्रयागने जो मांजरपाट आणला, त्यावरची हरणं पुसट होती. तोंडं नीट, शिंगं नीट, पण पाय उमटलेच नव्हते. जशी काय धुक्यात उभी आहेत. मी ते बघितलं आणि तिथेच म्हटलं, माझ्या येसूचं काहीतरी बिनसलं आहे. त्याच्या हाताचं लक्ष नाही. दीड महिन्याने तुझं पत्र आलं.

तेवढंच सांगायचं होतं. तुझ्या हाताला त्या दिवशी काय झालं होतं?

तुझी आजी,
गोदूबाई, बिनदाढेची


कापडे, वरची वाडी
अक्षय तृतीया झाली, मे १९५९

चिरंजीव येसाजीस आशीर्वाद. ऊन फार आहे. म्हशी डबक्यातून निघत नाहीत आणि प्रयाग आपल्या ओट्यावरून निघत नाही.

शिमग्याला तू आलास तो सामानासकट आलास, वळकटी, ट्रंक, सगळं. मी ट्रंक बघितली आणि तुला पाणी दिलं. पालखी नाचली, तूही नाचलास. मग तिसऱ्या दिवशी प्रयागने तो पुसट पायांचा मांजरपाट तुझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "ह्ये काय रे केलंस बाबा?" तू तो उन्हात धरून बघितलास आणि जे म्हणालास ते अख्ख्या वाडीने ऐकलं.

"आजी, हा शिक्का माझा नाय. हरणांच्या तोंडांच्या मधी आकडा असतो मारणाऱ्याचा. माझा अकरा. ह्यो चौदा हाय."

हरणांच्या तोंडांच्या मधोमध आकडा असतो! तीन वर्षं आम्ही त्याला गवत समजत होतो, वाचता येणारी रखमासुद्धा, इतका तो बारीक. मग तू घरोघरी फिरून आकडे बघितलेस. प्रयागची पाठ अकरा निघाली, ती त्या दिवसापासून जमिनीवर चालत नाही. भागोजीचं बूड मात्र चौदा निघालं. म्हणजे दोन वर्षं तो कुणा परक्या माणसाचा शिक्का मिरवत होता. त्याला म्हटलं उसवून टाक, तर म्हणतो, "काकी, असू दे. त्यो पण कुनाचा तरी येसूच असंल."

त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, आता मी काय करू. मी म्हटलं, तुझं मला माहीत नाही. पण चौदा आकड्याच्या माणसाचं दसऱ्याच्या सुमाराला काहीतरी दुखत होतं, आणि मला वाटलं होतं ते तुझं. तुझं नव्हतं, तर त्याचं असेल. एवढंच बोलले, येसू. ट्रंक तू स्वतः उचललीस.

आता तुझं पत्र आलं. रखमाने ते दोनदा वाचलं, पहिल्यांदा मोठ्याने आणि दुसऱ्यांदा तुळशीमागे बसून. चौदा आकड्याचा माणूस म्हणजे तुझ्या शेजारच्या मेजावरचा सोनबा. तीन वर्षं शेजारी उभा, आणि तुला त्याचं गावही माहीत नव्हतं. त्याचा उजवा हात कापतो आहे. वर्ष झालं, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कापत्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन शिक्का मारायचा, म्हणून खालचा अर्धा उचलला जायचा आणि पाय उमटायचे नाहीत. मुकादमाला कळलं तर काढतील म्हणून भ्यायचा.

हे ऐकून मी रखमाला म्हटलं, थांब. त्या माणसाला मी ओळखते, येसू. बघितलं नाही तरी ओळखते. तो भाकरी भिजवून खातो आणि सांगतो की अशीच आवडते.

तू लिहितोस की आता त्याचे शिक्के तू मारतोस, आणि तुझ्या घड्या तो घालतो. घडीला हात कापला तरी चालतं, उलट त्याची घडी तुझ्यापेक्षा सरळ पडते. मुकादमाने बघितलं आणि काम पुरं होतं म्हणून काणाडोळा केला. तू भागोजीच्या चड्डीची गोष्ट खात्यात सांगितलीस आणि सोनबा हसता हसता खाली बसला. आता तागा पुढे ढकलताना तुम्ही एकमेकांना विचारता, हा कुठे जाईल? आणि कुणी म्हणतं खेड, कुणी म्हणतं सांगली, आणि सोनबा म्हणतो, हा पोलादपूरला जाऊ दे रे, नीट मार.

नोकरी सोडणार की धरणार, ते तू या खेपेस लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. शेत आहे तिथेच आहे. पण तुझं पत्र या वेळी दीड पानाचंच होतं, आणि माझा अनुभव असा की कामात असलेला माणूस थोडक्यात लिहितो.

आमची खबर सांगते. पेरणीला अजून महिना आहे, पण या खेपेस मी गर्व केला नाही. चौदाही मुड्यांतून मूठमूठ बी काढलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि पाटाखाली ठेवलं. फडकं कुठलं, तर त्या पुसट मांजरपाटाचं टोक. प्रयागने आपण होऊन कापून दिलं. तिसऱ्या दिवशी सोडायचं होतं. मी काही सोडलं नाही. रखमाला म्हटलं, तू सोड. वाडीतल्या चौदा घरच्या बायका दारात उभ्या होत्या आणि एकीच्याही तोंडून शब्द नव्हता. या बायका गप्प कधी बसतात ते तुला माहीत आहे.

रखमाने गाठ सोडली. सगळ्या बियांना मोड आले होते, पांढरे, नखाएवढे. काही मोड फडक्यात घुसले होते. सोनबाच्या हरणांना पाय नव्हते ना, तिथून ते बाहेर आले होते.

प्रयाग म्हणाली, "आता चालायला लागली बघा."

मी चुलीकडे गेले. धूर होता. या वेळी खरंच होता.

तर आता असं कर. लावणीला आठ दिवस रजा मिळाली तर ये, ट्रंक आणू नकोस. रखमाला म्हटलं, खाली तुझं काय ते लिही, मी तोंड फिरवते. तिने चांगलं अर्धं पान लिहिलं आणि मला वाचून दाखवलं नाही. मी विचारलंही नाही. मला काय, मी अडाणी.

हे पत्र टपालाने येणार नाही. भागोजी कामाच्या शोधात मुंबईला निघाला आहे, त्याच्या हाती देते आहे. तोच चौदा आकडा घालून येतो आहे, तेव्हा सोनबाला तो पाठमोरा दाखव. त्याच्यापाशी नारळाएवढी एक मुडी दिली आहे. आत आपल्या शेतातला तांदूळ आहे, सोनबाच्या घरी शिजवायला. मी पत्राखाली अंगठा उठवत नाही. त्या मुडीची गाठ बघ, तशी गाठ या खोऱ्यात दुसरं कुणी मारत नाही.

सोनबाला म्हणावं, बेधडक ठेव, कितीही दिवस ठेव. दाणा कोरडा आहे. रखमाने चावून बघितला आहे.

तुझी आणि आता त्याचीही आजी,
गोदूबाई